खिंडीत ठेवायचा दगड

आमच्या टोळीला किस्से शोधायला लागत नाहीत. दर रविवारी कुणीतरी माती खातोच, आणि सोमवारी शिवाजी पेठेत ती चहाबरोबर सगळ्यांना वाढली जाते. टोळी म्हणजे तिघंच. स्कूटर गॅरेजवाला मी, इतिहास शिकवून रिटायर झालेले सर, आणि फुटबॉलच्या जर्स्या शिवणारे दिलावरभाई.

खूळ भाईंनी काढलं. त्यांचे पणजोबा बैलांवर संसार लादून कोकणातनं घाट चढून इकडं आले. त्या वेळी नव्या मुलखात राहायला निघालेलं प्रत्येक घर वरच्या खिंडीत एक दगड ठेवायचं. दगड ठेवला की माणूस नव्या गावात रुजतो, अशी समजूत. भाईंची रेहाना नर्स आहे, पुढच्या महिन्यात जर्मनीला निघालेली.

"पोरीनं बी दगड ठेवायला पायजे की," भाई म्हणाले. "पर खिंड कुठली, आमच्यात कुणालाच ठाव न्हाय."

डांबरी रस्ता झाला आणि जुनी वाट मोडली, त्याला पिढ्या झाल्या.

"सापडेल," सर म्हणाले. झालं, निघालो.

*

सरांनी जुना नकाशा मोबाईलवर घेतला होता. त्याच्या मागनं आम्ही ओढा ओलांडला, करवंदीच्या जाळीत अंग ओरबाडून घेतलं आणि थेट एका पोल्ट्रीत शिरलो.

मालकानं शांतपणे विचारलं, "पावणं, अंडी पायजेत काय?"

नकाशा चुकला, हे सर कसे कबूल करणार? "त्यासाठीच तर आलोय," म्हणाले आणि अख्खा ट्रे घेतला. तो दिवसभर डोंगरातनं मी मिरवला.

*

पुढच्या खेपेला डोंगराखालच्या वाडीत एका आजोबांना गाठलं. सरांनी अदबीनं विचारलं, "आजोबा, इथली जुनी वाट कुठली?"

"नवी कुठं हाय आमच्यात?"

मग त्यांनी घरामागं बोट केलं. "ही जाती की खिंडीला." अंडी उगाच घेतली, असं मी सरांना म्हणालो. ते तडक परत फिरले.

*

वाट झुडपांनी गिळलेली. ती मोकळी करायला गेलो तेव्हा भाई नव्हते, मॅचच्या जर्स्या द्यायच्या होत्या. खिंडीत मधोमध दगडांचा ढीग पडलेला. सरांमधला मास्तर जागा झाला. "श्रमदान!"

ढीग उपसला, वाटेच्या दोन्ही कडांना दगड ओळीनं लावले. वर शाळेच्या मैदानाला मारतात तसा चुना मारला आणि ग्रुपवर फोटो टाकला.

सरांना भाईंचा फोन आला. "वाट झ्याक दिसती. पर तिथं दगडांचा ढीग हुता काय हो?"

सरांनी फोन माझ्या हातात दिला.

"हुता," मी म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

रेहाना निघायच्या आधीच्या रविवारी सगळे वर गेलो. सरांची मान खाली. "भाई, तुमच्या पणजोबांचा दगड आम्ही..."

"गेलाय कुठं त्यो? हितंच हाय की लायनीत," भाई म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

रेहानानं ओळीतला एक चुना लागलेला दगड उचलला आणि खिंडीच्या मधोमध ठेवला. एवढ्या मोकळ्या जागेत तो एकटा बघवेना.

तेवढ्यात खालनं गवताचा भारा घेऊन एक मावशी वर आल्या. दगड बघून थांबल्या. भारा उतरवला.

"कुठं निघालीस गं बाई?"

"जर्मनीला."

मावशींनी एक दगड उचलला आणि रेहानाच्या दगडावर ठेवला.

"लांब हाय व्हय?"

"लय लांब, मावशी."

मावशींनी आणखी एक ठेवला.