गोविंदा शिपायाचा शेवटचा तपास

लेखकाविषयी लिहायला लेखकच हवा, हे मला कळते. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. वडील परतवाड्याच्या बाजारात वांगी-मेथी विकतात, आणि मी अमरावतीला वसतिगृहात राहून शिकतो. तेव्हा हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. पण जमादारकाकांना जाऊन दोन महिने झाले, कोणीच काही लिहिले नाही… म्हणून मी लिहितो.

काका आमच्या शेजारच्या गावचे. पोलिसात जमादार होते. पेन्शन घेऊन अकोल्याला राहायला गेले आणि तिथे त्यांनी गोविंदा शिपायाच्या गोष्टी लिहायला घेतल्या. वऱ्हाडातल्या एका खेड्याच्या चौकीवरचा हा साधा शिपाई. चोरी झाली की तो आधी चावडीवर बसून पान खातो आणि लोकांना बोलू देतो, एवढाच त्याचा तपास. आमच्याकडे ती पुस्तके पाने फाटेपर्यंत वाचली जात. कोणाची बकरी हरवली आणि पोलिसांना सापडली नाही, की लोक तोंडावर म्हणत, "गोविंदा असता तं सापडली असती." काका हे ऐकून खूश होत. मला कॉलेजात घालण्यासाठी वडिलांची समजूत त्यांनीच काढली होती.

शेवटचे भेटलो तेव्हा ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. दमा फार वाढला होता. मला पाहून म्हणाले, "कॉलेजात इंग्रजी खोकला शिकवत असतील तं सांग बापू. आपला देशी लय जुना झाला." मी हसलो, पण समोर बसलेले छापखान्याचे मालक हसले नाहीत. ते नव्या पुस्तकाचा शेवट बदलून मागायला आले होते.

त्या पुस्तकात पोळ्याच्या आदल्या रात्री पाटलांच्या बैलांच्या गळ्यातल्या चांदीच्या घंटा चोरीला जातात. सारा गाव नाल्यापलीकडच्या पारध्यांच्या बेड्याकडे, त्यांच्या वस्तीकडे बोट दाखवतो. गोविंदा तिकडे जातच नाही. परका हात गळ्याला लागला तर बैल मान झटकेल, घंटा वाजेल, आणि गोठ्यातच निजलेला गडी जागा होईल. गडी तर सकाळपर्यंत घोरत होता. म्हणून गोविंदा एकच विचारतो, त्या संध्याकाळी खांदशेकणी कोणी केली? तूप-हळदीने बैलांचे खांदे शेकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असे त्यांच्या कानात कोण म्हणाले? तर पाटलांचा सख्खा धाकटा भाऊ. चोर तोच.

मालकांचे म्हणणे सरळ होते. पुस्तके गावोगावच्या पाटलांच्याच घरी खपतात. चोर त्यांच्या घरातला निघाला तर घेणार कोण? पारधी केला तर कोणाचेच बिघडत नाही. दम घेत घेत काका म्हणाले, "नोकरीत सायबानं दाखवलं त्याले धरलं. बेडेच्या बेडे उठवले. पुस्तकात सायब मीच आहो. शेवट बदलनार नाही."

आठवड्याने ते गेले. मी तेराव्याच्या दिवसांना अकोल्याला गेलो तेव्हा छापखान्यातही जाऊन आलो. शेवट आता बदलणारच, असे मालक म्हणाले. गेलेल्या माणसाचा हट्ट छापखान्याने कुठवर सांभाळायचा? मी विनंती केली, मग वादही घातला. त्यांनी मला चहा पाजला आणि अभ्यास कर म्हणून सांगितले.

काकांच्या घरी येऊन काकूंना सांगितले. त्यांना अक्षरओळख नाही. पण काका प्रत्येक गोष्ट आधी त्यांना सांगत, आणि काकूंनी चोर लवकर ओळखला तर ती गोष्ट पुन्हा रचत. या गोष्टीत मात्र काकू शेवटपर्यंत पारधीच म्हणत राहिल्या होत्या. तेव्हा काका त्यांना म्हणाले होते म्हणे, "पाह्य, तुलेबी तसंच वाटलं." हे सांगताना काकूंनी डोळे पुसले नाहीत. मी परीक्षा सोडून थांबतो म्हणालो, तर म्हणाल्या, "काहून? तू पेपर दे. छापखान्याचं मी पाहीन."

मी परत आलो. पेपर दिले, पण लक्ष अकोल्याकडे. मग गेल्या आठवड्यात काकूंचे भाऊ महादूमामा कापसाची गाडी घेऊन अमरावतीला आले आणि मला शोधत वसतिगृहावर पोचले. काकू रोज भाकर बांधून छापखान्यात जाऊन बसत, असे त्यांनी सांगितले. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कामगाराकडून प्रत्येक पान मोठ्याने वाचून घेत. शेवटच्या पानावर पारधी आला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "त्यायनं मले असं सांगतलं नोयतं," आणि जागच्या हलल्या नाहीत. मालक रागावले, मग समजावू लागले, मग घरी जेवायला गेले. परत आले तरी काकू तिथेच.

"मंग?" मी विचारले.

मामांनी धोतराचा सोगा झटकला आणि माझ्या खाटेवर बसले.

"मंग काय… पुस्तक निघालं, बापू. चोर घरातलाच आहे."