थरथरत्या हाताचं रुखवत

तुम्ही परवा विचारलंत की दांडीच्या पोटात पाणी भरलेला ब्रश घ्यायचा तर कोणता घ्यावा, बारीक टोकाचा की जाड. आधी उत्तर सांगते: मधला घ्या, गोल आणि मऊ केसांचा, दाबल्यावर थेंब न सोडता नुसता ओला होणारा. हे मी ज्या बाईकडून शिकले ती तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. तेव्हा असले ब्रश निदान आमच्या पांढुर्ण्यात तरी कुणी पाहिले नव्हते. आम्ही तो घरी केला, कारण तिला त्याची गरज होती.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी रोज बसने सौंसरला शाळेत शिकवायला जात असे. नणंदेचं लग्न बोरगावच्या एका घरात ठरलं होतं. लहानपणी तिला मोठा ताप आला होता आणि तेव्हापासून तिचा उजवा हात थरथरत असे. हे काही लपवलं नव्हतं. मुलाने स्वतः पाहिलं होतं आणि होकार दिला होता. पण त्याची चुलती जाता जाता म्हणाली, "पोरगी चांगली हाये. पण हात असा, तर रुखवत कोण करन?"

रुखवत तुम्ही पाहिलेलं नाही. लग्नाच्या दिवशी नवरीकडचे लोक एका टेबलावर तिच्या हातच्या वस्तू मांडतात, आणि वराकडच्या बायका प्रत्येक वस्तू उचलून पाहतात. सासूबाईंनी लगेच मार्ग काढला. काही विकत आणायचं आणि बाकीचं मास्तरीणबाईंनी, म्हणजे मी करायचं. मला आनंदच झाला. माझी कात्री सरळ चाले आणि माझ्या वह्यांचे समास सगळ्या शाळेत नावाजलेले होते.

नणंद तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही केलेलं मी माझं म्हणून मांडणार नाई. टेबल रिकामा राहिला तरी चालन."

"लोकं हासतीन व," सासूबाई म्हणाल्या.

"हासू द्या. माझं एक तरी पाहिजे. बाकीचं तुमचं तुम्ही मांडा, पण ज्याचं त्याच्या नावानं."

तेव्हा ठरलं की तिने एक चित्र करायचं: पांढऱ्या पुठ्ठ्यावर संत्र्याची फांदी, पतंगी कागद फाडून आणि चिकटवून. कात्री तिला धरवत नसे. पण कागदावर पाण्याची रेघ ओढली आणि हलकेच ताणलं की कागद त्या रेघेवर फाटतो आणि कडा मऊ निघते, हे मला माहीत होतं. अडचण वेगळीच निघाली. वाटीतून ब्रश कागदापर्यंत येईतो वाटेत चार थेंब पडत. पतंगी कागदाचा रंग कच्चा असतो, त्यामुळे थेंब पडेल तिथे हिरवा डाग. पहिल्या दिवशी आठ कागद वाया गेले. ती म्हणाली, "हात वाटीपर्यंत गेलाच नाही पाहिजे, वहिनी. पाणी ब्रशातच राहिलं पाहिजे."

आम्ही बाजारात ब्रश आणायला गेलो. मी सगळ्यात बारीक, एक नंबरचा उचलला. बारीक म्हणजे नेटका, असा माझा समज. तिने मधल्या जाडीचा गोल ब्रश घेतला, ओठाला लावून ओला केला आणि टोक जुळतं का ते पाहू लागली. हात थरथरत होता, टोक मात्र जुळलेलं होतं.

"ओला करून पाहता, बाई? मंग विकू कोणाले?" दुकानदार म्हणाला.

"मलेच विका. कोरडे तर समदेच सुंदर दिसते."

तो हसला आणि त्याने स्वतःच आणखी दोन काढून दिले. मी माझा बारीकही घेतला. तो घरी अर्ध्या पानातच वाळून गेला.

सासऱ्यांच्या डोळ्यांच्या औषधाची रिकामी प्लास्टिकची बाटली होती, दाबली की थेंब पडणारी. ब्रशाची लाकडी दांडी काढली, केस धरणारी पत्र्याची नळी तेवढी ठेवली. केस जिथे डिंकाने चिकटवलेले असतात तिथे तापवलेल्या सुईने भोक पाडलं. ती पत्र्याची नळी बाटलीच्या तोंडात बसवून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. पाणी भसकन येऊ नये म्हणून नळीत कापसाचा बोळा हवा होता. कापूस काय, शेतातून आलेला घरात खोलीभर पडला होता. सासूबाईंनी त्यातला लांब धाग्याचा निवडून दिला.

ब्रश कोरडाच राहिला. जोरात दाबलं की एकदम धार लागे, नाहीतर काहीच नाही. आम्ही भोक मोठं केलं, मग आणखी मोठं केलं, आणि तिसऱ्या दिवशी ब्रशाचे केसच गळून पडले. कापसावर कुणाचाच संशय गेला नाही. ज्या घरात रोज त्याच कापसाच्या वाती वळल्या जातात, तिथे कापूस पाणी पीत नाही असं कुणाच्या मनात येणार?

शाळेत एका मुलीचा गुडघा फुटला, तेव्हा मी औषधाच्या पेटीतला कापूस भिजवला. तो पाण्यात क्षणात बुडाला. संध्याकाळी घरी येऊन आमचा कापूस वाटीत टाकला, तर तो बदकासारखा तरंगत राहिला. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं की कच्च्या कापसावर मेणासारखा थर असतो. तेल त्यात शिरतं, पाणी शिरत नाही.

"मी दवाखान्याच्या कापसाची पुडी घेऊन येते," मी सासूबाईंना म्हणाले.

"घरात खोलीभर कापूस हाये न तू विकत कापूस आणतं? गावात तोंड दाखवायचं हाये मले." त्यांनी बोळाभर कापूस धुण्याच्या सोड्यात स्वतः उकळला, तीनदा धुतला, वाळवला आणि मुलीपुढे ठेवला. "घे. आता तरी पेते का पाहाय."

कापसाने पाणी धरलं. दुसऱ्या ब्रशाच्या टोकाशी ओल आली आणि तिथेच थांबली. नणंदेने बाटली बोटांनी न धरता मुठीत धरली आणि रेघ ओढली. रेघ नागमोडी गेली. कागद ताणला, तर पानाची कडा कुरतडल्यासारखी निघाली, झाडावरच्या पानाची असते तशी. मग ती रोज दुपारी बसू लागली. पंधरा दिवसांत फांदी भरली.

इथे मी एक चूक केली, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. चित्र पुरं झालं त्या दुपारी ती डोक्यावरून आंघोळ करायला गेली होती. एका डहाळीवरची तीन पानं मला फारच वेडीवाकडी वाटली. मी कात्री घेतली आणि त्यांच्या न चिकटलेल्या कडा सारख्या केल्या. फक्त तीनच. कुणाला कळणार, असं वाटलं.

ती केस पुसत आली आणि चित्रापुढे उभी राहिली. पाण्याचा ब्रश घेतला, ती तीन पानं चिकटवलेल्या खळीतून सुटेपर्यंत भिजवली आणि नखाने अलगद उचलून टाकली; पुठ्ठ्यावर फिकट हिरवे डाग तेवढे राहिले. नवी केली नाहीत. मी म्हणाले, "अगं, अजून आठ दिवस आहेत, दुसरी लाव."

"राहू द्या, वहिनी," ती म्हणाली, आणि मला चहा करून दिला.

लग्नाच्या दिवशी टेबलावर सगळं मांडलं. वराची चुलती आली आणि माझ्या कागदी टोपलीचं कौतुक करू लागली. सासूबाई म्हणाल्या, "ते सुनेचं. थे तोरण विकतचं. आन हे माझ्या पोरीचं."

चुलतीने चित्र उचललं आणि थेट नवरीच्या खोलीत नेलं. मी मागोमाग गेले. नणंद मुंडावळ्या बांधून बसली होती.

"पानं किड्यानं खाल्ल्यावानी दिसते," चुलती म्हणाली. "करताना हात हालला वाटते."

"हालते तो. मंग हाललेला दिसनच."

"आन या डहाळीले पानं काऊन नाई?"

नणंदेने माझ्याकडे पाहिलं नाही. "तिथं होती थे माझी नव्हती. म्हणून काढली."

चुलतीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने चित्र थोडं लांब धरून पाहिलं, मग नवरीचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तो थरथरतच होता. तिने तो तसाच धरून ठेवला आणि मला म्हणाली, "पोरी, पाणी आण हिच्यासाठी. सकाळपासून उपाशी बसली असन."

मी पाणी आणायला गेले.