दोन्ही दिवे एकदम गेले

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नोकरीत पाहिलेले बरेच मृत्यू विसरलो. पण आलापल्लीकडच्या जंगलरस्त्यावर गेलेल्या त्या बाईचं प्रकरण मनातून जात नाही. तिथल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं घेऊन निघालेल्या लोकांना ती रस्त्याच्या उताराखाली, सागाच्या पाचोळ्यात दिसली. मांडी मोडलेली, कमरेला जबर मार. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, मार लागल्यावर ती बराच वेळ जिवंत असावी. रक्त जाऊन गेली.

संशय नवऱ्यावर होता. सणाला माहेरी जाण्यावरून दोघांचं भर बाजारात भांडण झालं होतं. ती रागानं एकटीच गावाकडं चालू लागली. हा तिथंच दारू पीत बसला आणि अंधार पडल्यावर त्याच रस्त्यानं घरी गेला. बाईचा भाऊ ठाण्यात येऊन सांगत होता, "यानंच मारलं माह्या बहिणीले." लोखंडी सळईनं मारलं असावं, असं आमच्यातल्याही काहींचं मत होतं.

चौकशीत नवरा फिरून फिरून एकच बोलायचा.

"मी तिले हात नाई लावला साहेब. मी त्याच रस्त्यानं गेलो. तिनं आवाज देल्ला असन का? मले आला नाई."

खून करणारा सहसा 'मी तिथं नव्हतोच' असं सांगतो. हा स्वतःहून त्या रस्त्यावर येऊन उभा राहत होता. पण तेवढ्यावर कुणाला सोडता येत नाही.

मग एक खबर आली. बाजाराच्या गावात मुक्कामाला येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं आमच्या बीट हवालदाराला चहा पिता पिता सांगितलं, "त्या संध्याकाळी समोरून एक जीप आली. दोनी लाइट बंद. एक म्हातारी बाई खिडकीतून टॉर्च धरून होती. टपावर लाल कॅरिअर."

तसली जीप त्या भागात एकच होती. तिचा मालक स्वतःच गाडी चालवायचा. चाळिशीचा, गोडबोल्या माणूस. आडगावांतले आजारी, बाळंतिणी यांना तोच दवाखान्यात न्यायचा. लोक त्याला मानत. जीपच्या पुढच्या गार्डला पोचा होता आणि गाडी नुकतीच धुतलेली होती.

"डुक्कर आडवं आलं साहेब," तो शांतपणे म्हणाला. "गाडीत बाळंतपणाची बाई होती, तिची सासू होती. गडचिरोलीले नेऊन राह्यलो होतो."

"दिवे?"

"चालू होते ना जी. तुमी पाहून घ्या."

पाहिलं. चालू होते. गार्डवरचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले, पण अहवालाला वेळ लागणार होता. तोवर नवरा आमच्याकडंच बसून.

मला एक गोष्ट खटकत होती. डुक्कर अंधारातही आडवं येतं. मग दिवे गेले होते हे लपवायचं कशाला? नोकरीच्या सुरुवातीला मी मोटार परिवहन विभागात होतो. तिथं शिकलो होतो की एक दिवा गेला तर बल्ब बघावा, दोन्ही एकदम गेले तर बल्बच्या मागं लागू नये. दोघांना वीज जिथून मिळते ती जागा बघावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार वाहन निरीक्षक आले. ठाण्याच्या आवारात, पंचांसमोर त्यांनी इंजिन सुरू करून दिवे लावले. दोन्ही लख्ख.

"ठीक आहेत," ते म्हणाले.

"बंद करू नका," मी म्हणालो. "असेच जळू द्या."

त्यांनाही मुद्दा कळला. बल्ब मूळच्यापेक्षा जास्त ताकदीचे बसवलेले होते, आणि बटनावरचा भार स्वतःवर घेणारा रिले मध्ये नव्हता. सगळा भार दिव्यांच्या बटनावर. बटन तापलं की आतला जोड सुटतो, निवलं की पुन्हा धरतो. दोन मिनिटांच्या तपासणीत असला दोष सापडत नाही.

आम्ही बसून राहिलो. पंचांना चहा दिला. जीपवाला व्हरांड्यातल्या बाकावर होता. आधी तो शिपायाशी गप्पा मारत होता. मग पाणी मागितलं, पण पेला हातातच राहिला. तो आमच्याकडं बघतच नव्हता, दिव्यांकडं बघत होता.

कुणी हात न लावता दोन्ही दिवे गेले.

निरीक्षकांनी डॅशबोर्डखालचं बटन सोडवून काढलं. मागचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. मी बाकाकडं वळलो.

"असंच झालं होतं," तो हळूच म्हणाला.

"मग?"

"सासूले टॉर्च धराले लावलं. गाडी थांबवता येत नव्हती जी, बाई कळा देऊन राह्यली होती. मंग ठोकर बसली. मी उतरलो."

"काय होतं?"

त्यानं पेला बाकाखाली ठेवला. "पाहून राह्यली होती माह्याकडे."

"गाडीत जागा होती?"

"होती."

सासूचा जबाब घेतला. तिनं टॉर्चच्या उजेडात फक्त रस्ता पाहिला होता. "तो उतरला, मागं गेला, आला. मी म्हटलं, काय होतं भाऊ? डुक्कर म्हणे." गडचिरोलीच्या दवाखान्यात मूल होईपर्यंत तो बाहेर थांबला होता. त्यानं तिला चहाही आणून दिला होता.

पुढं नमुन्यांचा अहवाल जुळला. खटला चालला, शिक्षा झाली.

नवऱ्याला सोडताना मी त्याला सगळं सांगितलं. ते त्याला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं. त्यानं ऐकून घेतलं.

"ते लेकरू वाचलं का?"

"वाचलं."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "जीप बाजारातूनच गेली असन ना?"

"हो."

"मंग मले सांगाले पाह्यजे होतं. मी तिथंच बसून होतो."

त्या जीपवाल्याला वाईट माणूस म्हणणं मला अजूनही जमत नाही. त्याच्या गाडीत बसून कितीतरी लोक वाचले होते. दिवे गेले, ठोकर बसली, तो घाबरला. इथवर मी समजू शकतो. पण वाटेत बाजार होता, पुढं आमची चौकी होती, दवाखान्यात डॉक्टर होते. या प्रत्येक ठिकाणी त्याला तोंड उघडता आलं असतं, आणि त्यातल्या पहिल्या ठिकाणी तिचा नवरा बसला होता. त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी आरोपीला घटनेबद्दल विचारून थांबलो नाही. त्यानंतर तू कुठून कुठून गेलास आणि कोण कोण भेटलं, हेही विचारत गेलो. या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं ऐकणं मला नेहमीच जास्त जड गेलं.