सुताराची गल्ली

रस्ता रुंद करायचं ठरलं आणि वणीच्या बाजारातलं माझं कापडाचं दुकान पाडायला घेतलं. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून बघत होतो. जेसीबीनं मागची भिंत ओढली. धूळ बसली आणि गल्ली दिसली. दोन माणसं आमनेसामने आली तर एकानं अंग चोरावं, एवढीच रुंद. टोकाला सुताराचा ओटा.

लहानपणी पोळा जवळ आला की आम्ही पोरं तिथंच पडून असायचो. सुतारकाका आमच्या लाकडी बैलांना चाकं ठोकून द्यायचे. दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, तेच बैल ओढत आम्ही घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघायचो. पहिला बोजारा त्या ओट्यावरच, मूठभर फुटाणे. माझ्या बैलाचं शिंग मोडलं तेव्हा काकांनी बाभळीचं नवं बसवून दिलं. तो बैल आता माझा नातू ओढतो.

पुढं दुकान माझ्या हाती आलं. दुकानाला लागून असलेल्या या गल्लीच्या तोंडाशी आधी कापडाचे गठ्ठे ठेवले, मग टिनाचं छप्पर टाकलं, मग सरळ भिंत. काका भांडले नाहीत, त्यांनी अर्ज केला. मोजणीवाल्यानं येऊन मला विचारलं, "इथून गल्ली होती का?"

"नाही बा. आपण तर कधी पाह्यली नाही."

काका शेजारीच उभे होते. "काहून रे बाप्पा, याच गल्लीतून बैल ओढत गेलता न तू?" एवढंच बोलले. मी मान खाली घालून कापड घडी करत राहिलो.

गल्ली बंदच राहिली. मागच्या नालीवरून काकांकडे कोण गिऱ्हाईक जाणार? काका उमरखेडला लेकीकडे निघून गेले. एकदा जाऊन पाय धरावे, असं दर पोळ्याला वाटायचं. गेलो नाही. ते तिकडंच वारले. नालायक माणूस मी, दुसरं काय!

टपरीवर माझ्याजवळ वही घेऊन एक तरुण साहेब आला. "काका, नकाशात तर ही गल्ली नाही. पहिले होती का?"

"होती," मी म्हणालो. "मीच बुजवली. तेव्हा खोटं बोललो होतो. लिहून घ्या."

त्यानं पेनचं टोपणही काढलं नाही. "राहू द्या न काका. आता सगळंच रस्त्यात चाललं," म्हणाला आणि जेसीबीवाल्याला त्यानं ओटा दाखवला.