असेतबागेतले नऊ दिवस

शितायेचा दिवस एरवी पहाटे पाचला सुरू होई. त्या नऊ दिवसांत तो चारलाच सुरू झाला. कुत्रं भुंकलं की ती उठून दाराच्या फटीतून रस्ता बघायची. काठ्या टेकत येणारे तीन म्हातारे दिसले नाहीत की पुन्हा आडवी व्हायची, पण पाय काही स्वस्थ पडू देत नसत. मग उठायचं, चूल पेटवायची, कॉफी उभ्यानेच घ्यायची आणि उजाडायच्या आत घरामागच्या असेतबागेत शिरायचं.

असेत दिसायला केळीसारखं, पण त्याचं फळ कुणी खात नाही. खायचं ते खोड. ते पाडून एकावर एक गुंडाळलेली सोपटं सुटी करायची, एकेक सोपट खरवडायचं, लगदा पानं अंथरलेल्या खड्ड्यात पुरायचा आणि आंबला की त्याची भाकरी करायची. झाडं लावायची पुरुषांनी, खरवडायची बायकांनी. खरवड चालू असेपर्यंत पुरुषाने बागेत पाऊल टाकायचं नाही. पुरुषाची नजर पडली तर लगदा नासतो, असं इथिओपियातल्या गुरागे मुलखात सगळे मानतात. ज्यांना लगद्याचं काही वाटत नाही, तेही कुंपणाबाहेरच थांबतात. आत बायका मांडीपर्यंत कपडा खोचून बसलेल्या असतात.

म्हातारे येत होते ते झेरितूसाठी. झेरितू शितायेची एकुलती एक मुलगी, पंधरा वर्षांची. आठवी पास झाली होती. नववी गावात नव्हती. ती होती एम्दिबीरला, पायी चार तासांवर. म्हणजे तिथे खोली घेऊन राहायचं. मेस्केलचा सण झाला की शाळा भरणार होती. पण त्याच सणासाठी आठ दिवस आधी अदिस अबाबाहून एक दुकानदार गावी आला. वय चौतीस. त्याने चर्चच्या वाटेवर झेरितूला पाहिलं आणि मागणी घातली. सणानंतर दहाव्या दिवशी त्याला दुकान उघडायला परत जायचं होतं. शितायेचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. त्याचा धाकटा भाऊ हाब्ते हो म्हणून मोकळा झाला, कारण दुकानदाराने त्याला शहरात काम देऊ केलं होतं. आता होकार हवा होता तो आईचा.

होकार मागायला गावचे तीन वडीलधारे तीनदा येतात. सणाआधीच दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला शिताये म्हणाली, विचार करते. दुसऱ्या खेपेला म्हणाली, मुलीच्या मामाला निरोप धाडते. तिसऱ्या खेपेला सबब चालत नाही. गप्प बसलं तर तो होकार. तोंडावर नाही म्हटलं तर तिघांचा अपमान, आणि मग त्या घरात मयत झालं तरी गाव खांदा द्यायला येत नाही. पण प्रश्न विचारायचा तो दिवसाउजेडी, घरात, हात धुऊन बसलेल्या बाईला. लगद्याने बरबटलेल्या हातांच्या बाईशी सोयरिकीचं कुणी बोलत नाही.

म्हणून शिताये मेस्केलच्या दुसऱ्याच दिवशी असेत पाडायला लागली.

"सणाचं लोणी अजून भांड्याला चिकटलंय आणि हिला खरवड सुचली," शेजारची बिर्केमावशी कुंपणावरून म्हणाली. साठीची बाई, गावात तिच्याइतकं स्वच्छ कुणी खरवडत नसे. "दुष्काळ येतोय का गं? आम्हालाही सांग."

"खड्डा रिकामा झालाय, मावशी."

"खोटं बोलायचं तर नीट बोल. तुझ्या खड्ड्याचा वास माझ्या घरात येतो." एवढं बोलून मावशी स्वतःची फळी घेऊन आत आली आणि शेजारी बसली.

काम असं असतं. फळी झाडाला तिरकी टेकवायची. जमिनीवर बसून एक पाय वर उचलायचा, टाचेने सोपट फळीवर दाबून धरायचं आणि बांबूची धारदार पट्टी दोन्ही हातांनी वरून खाली ओढायची. गर खाली पडतो, हातात वाखाचे धागे राहतात. वाखाला गर चिकटलेला असेल तर काम वाया. गरात वाख गेला असेल तर भाकरी दातात अडकते. शहाण्या बायका दोघी-तिघी मिळून दिवसाला दोनच झाडं खरवडतात. तिसरं घेतलं तर रात्री पायात पेटके येतात. चिकाने हात काळे पडतात आणि खाजतात.

शितायेची तयार झाडं आठ होती. चार दिवसांचं काम. हवे होते नऊ दिवस. हात सावकाश चालवला असता तर पुरलं असतं, पण सावकाश खरवडलेलं सोपट चिकाळतं. पहिल्या दिवशी तिने हात आवरून बघितला. दोन सोपटं बिघडली. मावशीने ती उचलून दाखवली आणि बाजूला टाकली. त्यानंतर हात होता तसाच चालला.

दुपारी झेरितू भाकरी आणि कोबीची भाजी घेऊन यायची.

"आई, मी जाणार की नाही ते एकदा सांग. पुस्तकं बांधली, सोडली, परत बांधली."

"म्हातारे आले होते?"

"रस्त्यावर झाडाखाली बसलेत. काका त्यांना कॉफी पाजतोय. आपलीच कॉफी."

"बरं. पाणी ठेव आणि मैत्रिणीकडे जा. घरात एकटी थांबू नकोस."

झेरितू गेली की शिताये दोन ओढी मारून थांबायची, कान द्यायची, पुन्हा दोन ओढी मारायची.

चौथ्या दिवशी शेवटचं झाड पडलं. बागेत उरली ती तीन-तीन वर्षांची, हिरवी, अंगात गर न धरलेली. ती पाडायची म्हणजे पुढची दोन वर्षं खाऊन टाकायची. शिताये एका झाडाच्या बुंध्याशी कोयता घेऊन बराच वेळ उभी राहिली.

"तो कोयता खाली ठेव," बिर्केमावशी म्हणाली. "उद्यापासून माझ्याकडे ये. सहा झाडं आहेत. रोजावर."

"तुला आत्ता कशाला हवंय, मावशी? तुझा खड्डा भरलेलाय."

"दुसरा खणेन. माझी झाडं, माझा पैसा. तुला काय त्याचं?"

पाचव्या दिवशी ती मावशीच्या बागेत होती. सहाव्या दिवशी हाब्ते कुंपणाशी आला.

"वहिनी, बाहेर ये. नाटक पुरे. मोठी माणसं उन्हात बसलीत."

"हात भरलेत, हाब्ते."

"धू मग. नाहीतर मी आत येतो." त्याने कुंपणाची काठी खरोखर बाजूला सारली.

मावशीने मान वर केली नाही. "ये ना. पण लगदा नासला तर माझं घर वर्षभर तुझ्याकडे जेवेल. आम्ही नऊ माणसं आहोत. आणि माझा नवरा खूप खातो."

हाताखाली आलेल्या मावशीच्या सुना हसल्या. हाब्तेने पाय उचलला, कुठे ठेवावा ते त्याला कळेना, आणि काठी जागेवर लावून तो निघून गेला. शिताये हसली नाही. तिने टाच फळीवर घट्ट रोवली आणि पुढचं सोपट घेतलं.

सातव्या दिवशी संध्याकाळी मावशीची झाडं संपली. दोन दिवस अजून बाकी होते. गावात आणखी कुणाची खरवड निघाली नव्हती. त्या रात्री शिताये निजलीच नाही. घरात इकडून तिकडे फिरत राहिली. सकाळी म्हातारे येतील, ती हात धुतलेली सापडेल. नाही म्हणण्याचे शब्द तिने पुटपुटून बघितले. ते तोंडात नीट बसत नव्हते.

पहाटे दारावर थाप पडली. तिने दार उघडलं. बाहेर केर्गाबाबांची बायको अंगाभोवती शाल लपेटून उभी होती. केर्गाबाबा म्हणजे त्या तीन म्हाताऱ्यांतले पुढारी.

"फळी घे आणि चल," काकी म्हणाली. "आमची चार झाडं पाडायचीत. बिर्केपण येतेय."

"काकी, बाबांना माहीत आहे?"

"त्यांना काय विचारायचं? असेत माझं काम. त्यांनी माझ्यासाठी मागणी घातली तेव्हा मी चौथीत होते. मला गणित आवडायचं." ती वळली. "आवर. उजाडायला लागलंय."

मग दोन दिवस केर्गाबाबा स्वतःच्याच घरापुढे येरझारा घालत राहिले. मागे जायची सोय नव्हती. त्यांचा तंबाखू मागच्या कोठीत राहिला होता, तोही बायकोकडून मागवून घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रस्त्यावरूनच हाक मारली.

"शिताये, किती झाडं राहिली?"

"दीड, बाबा."

"अजून दीड?"

"नीट करायचं तर वेळ लागतो, बाबा."

बाहेर काठी दोनदा आपटली. मग बाबा म्हणाले, "नीटच कर. वाख राहिला तर माझ्या दातांत अडकतो."

काकीने पट्टी तोंडावर धरून हसू दाबलं. शितायेने त्या दिवशी अंधार पडेपर्यंत खरवडलं, झाडांचे जमिनीतले गड्डेसुद्धा कुटून दिले, आणि खड्ड्यावर पानं झाकून दगड ठेवेपर्यंत पाठ सरळ केली नाही.

दहाव्या दिवशी सकाळच्या बसने दुकानदार शहराला गेला. हाब्तेही त्याच्या मागे गेला. काम मिळालं का ते कुणाला कळलं नाही. बस गेल्यावर केर्गाबाबा शितायेच्या दारात आले, एकटेच. तिचे हात धुतलेले होते. ती उभी राहिली. तिला वाटलं, आता विचारतील.

बाबांनी खिशातून नोटा काढून तिच्या हातात ठेवल्या. "तुझा दोन दिवसांचा रोज. बायको म्हणाली, हातात नेऊन दे." ते खोलीत बघत राहिले. झेरितूचं पुस्तकांचं गाठोडं दाराशी होतं. "हे कुठे?"

"एम्दिबीरला, बाबा. नववीला."

"एकटीच राहणार?"

"दोघी आहेत खोलीत."

बाबांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते शितायेला कळलं नाही. ते गेल्यावरही तिचे पाय थांबेनात. "उचल गाठोडं," ती म्हणाली. "चालत बोलू."

चार तासांची वाट त्या दोघींनी तीन तासांत संपवली. झेरितू सारखी म्हणत होती, "आई, जरा दम घे," आणि शिताये सारखी मागे वळून बघत होती. खोली बाजारामागे होती, मातीच्या भिंतींची. दुसरी मुलगी आधीच येऊन बसली होती. मावशीच्या रोजात पहिल्या महिन्याचं भाडं भागलं. मग शितायेने दार लावून बघितलं. आत कडी नव्हती, नुसती सुतळी बांधलेली होती. तिने ती ओढली. तुटली.

ती तडक बाजारात गेली. केर्गाबाबांच्या पैशांतून तिने जाड लोखंडी कडी घेतली, चार स्क्रू घेतले, आणि उरलेले सुताराला दिले. तो बसवत असताना ती शेजारी उभी राहिली. एक स्क्रू तिरका गेला होता, तो काढून पुन्हा बसवायला लावला. मग मुलींना आत ठेवून तिने बाहेरून दाराला खांदा लावला, पूर्ण जोर देऊन, तीनदा. कडी हलली नाही.