बोडी वाचवणारी रजनी

रजनी माझी लहान बहीण. मी सातवी नापास, पण समाजशास्त्रात एम.ए. झालेली अशी पोरगी साऱ्या सौंसर तहसिलीत दाखवा! नागपूरले शिकाले गेली तेव्हापासून घर सुनं लागे.

चौऱ्याऐंशी साली सरपंच आमच्या गावची बोडी, म्हणजे लहानसं तळं, बुजवून प्लॉट पाडणार होते. ही बोडी कोणाच्या काय कामाची, हे विचाराले रजनी आली. मी ऐटीत तिच्यासंगं घरोघर फिरलो. माणसं म्हणत, "काही कामाची नाही." बाया पदर ओढून चूप.

"दादा, तू येऊ नको," रजनी हासली. "साऱ्या सुनांचा तू भासरा, थोरला दीर. तुह्यासमोर त्या बोलतीन कशा?"

मग ती एकटीच बोडीवर धुण्याच्या दगडाशी जाऊन बसली. तिथं बायांनी सांगितलं, शिंगाडे, मासोळ्या, चटईचं गवत, सारं बोडीतूनच घरी येते. रजनीनं ते लिहून घेतलं अन् गावच्या बैठकीत वाचलं. त्या बायांतली शकुबाई उठली, "मंग धुणं तुमच्या ओसरीवर धुवू का, सरपंच?"

लोक हासले. बोडी वाचली.

"आता पोळ्यापर्यंत राह्य," मी म्हटलं.

"दुसऱ्या गावचं तळं पाहाचं आहे, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं ती गेली. मी बोडीच्या पाळीवर उभा राहिलो. तिथून सौंसरचा रस्ता लांबवर दिसते.