प्रत्येक वाक्य दोनदा

इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. बन्नूरच्या शाळेत ऊसवाल्यांची पोरं माझ्यासमोर बसायची आणि मी त्यांना डिक्टेशन घालायचे. नियम कडक होता: प्रत्येक वाक्य सावकाश, दोनदा. तिसऱ्यांदा विचारील त्याचा कान माझ्या हातात. पोरांना माझं इंग्रजी छान समजायचं. समजणारच की, अख्ख्या शाळेत इंग्रजी बोलणारं तोंड एकच होतं, माझं!

त्या तोंडाचा तोरा माझ्या नातवाने उतरवला. लेक-जावई स्कॉटलंडला असतात. नातू तिथेच जन्मला, तिथेच बोलायला लागला. त्याला आमच्या भाषेतलं येतं ते ‘अज्जी’ एवढंच, आणि तेही कन्नड. म्हैसूरच्या आमच्या मराठीत आजीची अज्जी कधी झाली, कुणाला आठवत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो जो सुटायचा, तो धाप लागल्यावरच थांबायचा. एखादा शब्द माझ्या हाती लागेपर्यंत बाकीचे गावाबाहेर पोचलेले असायचे.

पण कळत नाही असं म्हणायचं? आणि मी? छे! तो हसला की मी हसायचे, थांबला की ‘व्हेरी गुड’ म्हणायचे. प्रश्न आलाच, तर आवाज येत नाही म्हणून फोन हलवायचे. आम्ही म्हैसूरच्या बन्नीमंटपात, दसऱ्याच्या संचलनाच्या मैदानाला लागूनच राहतो, त्यामुळे “मैदानावर दसऱ्याची तालीम चाललीय, काही ऐकू येत नाही,” ही थापही खपून जायची.

“अगं, एप्रिलात कसला दसरा?” असं आमचे हे आतल्या खोलीतून ओरडायचे. घरचा भेदी म्हणतात तो असा.

नातू मात्र माझ्यावरच गेलेला. एका रविवारी त्याने गंभीर चेहऱ्याने काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, “व्हेरी गुड!” पलीकडे लेक हसून हसून लोळायला लागली.

“अम्मा, तो म्हणाला, मी शेजाऱ्यांचं मांजर खाल्लं.”

“मग? पोटभर जेवला ना?” मी वेळ मारून नेली.

पण पुढच्या रविवारी तो फोनवर आलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लेक आधी सबबी सांगत राहिली. मग म्हणाली, “सुम्ने, उगाच कशाला लपवू, अम्मा? तो म्हणतो, अज्जी माझं ऐकतच नाही.”

मला ते फार लागलं. मी जिवाचा कान करून ऐकत होते, कळत नव्हतं एवढंच. पण पोराला त्यातला फरक कसा समजावा? असंच चाललं असतं, तर उद्या हा सणासुदीला नुसता हात हलवून दाखवणार आणि त्यावरच माझं आजीपण भागवायचं. हे म्हणाले, “खरं काय ते सांगून टाक त्याला.” त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

रविवारी लेकीला म्हटलं, “त्याला सांग, अज्जी परीक्षेला बसलीय. मास्तर पाहिजेत.” आणि पाटी घेऊन बसले. तो आला, पण अर्धाच चेहरा दाखवून. मी त्याला इंग्रजीत सांगितलं की, तू फार भरभर बोलतोस, मला आजवर काहीसुद्धा कळलेलं नाही.

“नथिंग?”

“नथिंग.”

एवढा आनंद त्याला माझ्या कुठल्याच ‘व्हेरी गुड’ने झाला नव्हता. मी त्याला डिक्टेशनचा नियम समजावला आणि तो लगेच ताठ बसला.

मास्तर भलतेच खडूस निघाले. पहिल्या दिवशी दहापैकी तीन मार्क देऊन वर पाटी नीट धरली नाही म्हणून दटावलं. आमचे हे शेजारी बसून मला कॉपी पुरवायचे. त्यांनाही काही कळत नसल्यामुळे आमच्या चुका सारख्याच यायच्या आणि दोघांनाही ओरडा बसायचा. हळूहळू मार्क वाढले. तो जरा सावकाश बोलायला लागला होता आणि माझे कान जरा चपळ झाले होते.

परवा शेवटचं वाक्य घालताना मात्र त्याने मान खाली घातली. आवाज मास्तरांचा राहिला नव्हता.

“अज्जी, व्हेन आर यू कमिंग?”

पहिल्या फटक्यात कळलं, शब्दन् शब्द. समोरची पाटी मात्र मला धड दिसेना.

“सर,” मी म्हटलं, “नियम विसरलात. प्रत्येक वाक्य दोनदा.”